कुलूप मीच घातलं

कुलूप मीच घातलं. हे आदीच सांगते, कारन नंतर कारखान्यात धा तोंडांनी धा गोष्टी झाल्या. कुनी म्हनलं मालकानं घालाया लावलं, कुनी म्हनलं कुमार साहेबानं. तसलं काय न्हाय. पितळी कुलूप माजं, चावी माज्या कमरेला, आन हात बी माजाच.

मी चिमाबाई. माहेर सांगोल्याकडच्या माळावरचं, मेंढरंवाल्या धनगराचं. लगीन झाल्यावर चार वर्सांनी मेंढरं दिरावर सोपवून आमी दोगं सोलापुरात आलो, तवापास्नं मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हाय. घडी खात्याची मुकादम हुते. हाताखाली अकरा बायका. टॉवेल मागावरनं उतरला की कापायचा, काठ शिवायचा, लोंबतं दोरं तोडायचं, घडी घालायची आन खोक्यात भरायचा. तितनं तो जहाजात बसून कुटल्या तरी हॉटेलात जातो आन कोन तरी त्याला तोंड पुसतं. आमी त्यांचं तोंड कदी बघितलं न्हाय, त्यांनी आमचं बघितलं न्हाय. बरं चाललं हुतं.

मंग एक दिवस कळलं की टॉवेल घेनाऱ्या कंपनीची एक बाई डेन्मार्कवरनं येनार. टॉवेल बघायला न्हाय, आमाला बघायला. बायकांना नीट वागवतात का, कुनाला डांबून तर ठेवत न्हाईत, पानी-संडास हाय का, असलं सगळं तपासायला. मला तवाच वास आला. ज्याला टॉवेल घ्यायचा हाय त्यानं टॉवेल बघावा, धुवून बघावा, पाहिजे तर चावून बघावा. दोरा तोडनाऱ्या बाईशी त्याचं काय काम?

त्या बाईच्या आदी तीन दिवस एक पोरगी आली. ऋतुजा. मोहोळची, शेतकऱ्याघरची, वडलांचं नाव बापूसाहेब. सोलापुरातच शिकलेली, परदेशी मानूस आन आपला मानूस ह्यांच्यात बोलनं कसं घडवायचं ह्याचं शिक्षन घेतलेली. आता असलं बी शिक्षन निघालंय. त्याला तिनं आंतरसांस्कृतिक संवाद असं नाव सांगितलं, आन माज्या खात्यातल्या रत्नम्मानं कानात इचारलं, ह्या रोगावर औशद काय. मी हसले न्हाय, कारन ती पोरगी उतरली हुती मालकाच्या गाडीतनं. चनबसप्पा मालक सवताच्या भावाला बी त्या गाडीत घेत न्हाईत. म्हंजे ही मालकाची. आन हातात निळी वही. आमी काय बी बोललो की वहीत लिहायची.

तिनं आमाला जेवनाच्या सुट्टीत गोल बसवलं.

"आपल्याकडे पाहुणा चहा नको म्हणाला तरी आपण ठेवतोच ना?" ती म्हनली. "कारण आपल्याला माहीत असतं, पहिलं नको हे लाजेचं असतं. येणाऱ्या मॅडमकडे तसं नाही. ती नको म्हणाली म्हणजे तिला नकोच. आणि तुम्ही हो म्हणालात, की ती ते होच धरणार. आपण मनात ठेवतो आणि समोरच्यानं ओळखावं म्हणतो. ती ओळखणार नाही, ती विचारणार. विचारलं की खरं तेच सांगा. तुमचं नाव कुठंही येणार नाही."

"आन तिला काय पडलंय आमचं?" मी इचारलं.

"तुम्ही इथं दोरा तोडता मावशी, आणि तिथल्या दुकानात एखादी बाई टॉवेल हातात घेऊन विचारते, हा कुणी केला, तिचं बरं चाललंय ना? आता जग असं जोडलं गेलंय. त्या प्रश्नाचं उत्तर न्यायला मॅडम येतायत."

मला हे काय पटलं न्हाय. दुकानातली बाई किंमत इचारती. आमी न्हाय का जात दुकानात? आन खरं सांगा, नाव येनार न्हाय, असं जो सांगतो त्याच्याजवळच तर नाव जातं. मी बायकांना बजावलं, ह्या पोरीसमोर तोंडाला कुलूप.

आता गंगम्माचं सांगते, कारन सगळं तिच्यावरनंच झालं. गंगम्मा माज्या अकरा बायकांतलीच, साठीची. तेलुगू विनकर घरातली, नवरा मागावर हुता, तो गेला. पोरगा-सून अपघातात गेली. मागं ऱ्हायली एक नात, दिपाली, ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्साला हाय. गंगम्माच्या हातावर त्या पोरीचं शिक्षन चाललंय. मी माळावरनं आले तवा मला दोऱ्याची गाठ बी येत न्हवती, माजी बोटं लोकरीची. ह्या बाईनं महिनाभर मला शेजारी बसवून शिकवलं, आन माजं टॉवेल कमी पडलं की सवताच्या ढिगातलं माज्या ढिगात सरकवायची. हे मालकाला आजून म्हाईत न्हाय. सांगायचं कारन, माजा तिच्यावर जीव हाय. आईवर नसंल एवढा.

तर गंगम्माला दिवाळीपास्नं खोकला. टॉवेलचं बारीक तूस हवेत उडत असतं, ते नाकातोंडात जातं. सगळ्यांच्याच जातं, पन हिच्या छातीत बसलं. खोकाया लागली की वाकून जमिनीला टेकायची.

मॅडम येनार त्याच्या आदल्या दिवशी कुमार साहेब घडी खात्यात आला. मॅनेजर. वाईट मानूस न्हाय, पन मालकाचं बोलनं त्याच्या तोंडातनं आलं की जरा जास्तच आंबट हुतं. म्हनला, "उद्या मॅडमसमोर कुणी खोकायचं नाही. ज्याला खोकला येईल त्यानं परवापासून घरी बसून खोकावं."

बोलला सगळ्यांना, बघितलं गंगम्माकडं. गंगम्मानं मान खाली घालून दोरा तोडला.

मंग त्या दिवशी कारखान्यात जी धावपळ सुरू झाली ती बघून मला हसू आलं. शेजारच्या कारखान्यातनं आग विझवायची लाल नळकांडी चार मागून आनली. पान्याचा थंड मशीन आनला. औशदाची पेटी आनली, तिची किल्ली इसरली. भिताडाला चुना मारला. कुमार साहेबानं मला सांगितलं, बायकांकडनं उत्तरं घोकून घ्या. मी घोकून घेतली. जेवनाची सुट्टी एक ते दीड. पानी स्वच्छ हाय. साहेब चांगलं हायत. तरास काय न्हाय. अकरा जनींनी म्हनून दाखवलं.

हे सगळं मला लई ओळखीचं वाटत हुतं, आन रात्री अंथरुनावर पडल्यावर न्हाय, तितंच चुन्याच्या वासात उभी असताना आठवलं. पोरगी बघायला येनार म्हनलं की आमच्यात असंच. शेजारनं खुर्च्या आनायच्या, सतरंजी आनायची, पोरीकडनं उत्तरं घोकून घ्यायची. सैपाक येतो का, येतो. मेंढरं राखलीत का, राखलीत. आन घरात जे खोटं असंल, मोडकं असंल, ते मागं न्यायचं.

मला बघायला आलं तवा मी सतरा वर्सांची. माजी थोरली भन मथुरा. तिच्या हातावर आन मानंवर कोड हुतं, पांढरं डाग. तिला कुनी करून घेतलं न्हवतं. आई म्हनली, पाव्हन्यांनी हिला बघितलं तर तुजं बी मोडंल. म्हनून मथुराला मागच्या कोकरांच्या खोपीत बसवलं, पत्र्याचं दार लावलं आन भायरनं कडी घातली. माजं लगीन जमलं. पाच मिनटात जमलं. मथुरा संध्याकाळी भायर आली, चुलीवरचं भगुनं उतरवून माज्या ताटात वाढलं.

कडी मी घातली हुती. आईनं सांगितलं, पन हात माजा.

तर आता कारखान्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनवाला मॅडम आली. आनिका नाव. चांगली उंच, साधा शर्ट, कानात-गळ्यात काय न्हाय, पायात धुळीचं बूट, पान्याची बाटली सवताची. गळ्यात झेंडूचा हार घातला तर तो काढून हातात धरून ऱ्हायली, कुटं ठेवायचा तिला कळंना. मालकानं केबिनमदी बसवून च्या मागवला. ती नको म्हनली. परत मागवला. परत नको म्हनली. तिसऱ्यांदा बिस्किटासंगट आला. ऋतुजा मालकाला डोळ्यांनी खुनावत हुती, पन मालकाला पाव्हना असा कोरडा बसवायची सवय न्हाय. मला काचेतनं दिसत हुतं. मॅडमनं कपाकडं बघितलं न्हाय, दाराकडं बघितलं. तिला वाटलं आसनार, ही मानसं मला हितं अडकवून मागं काय तरी आवरतायत.

आन खोटं कशाला बोलू, आमी आवरतच हुतो.

मी तवाच गंगम्माला म्हनलं, "अगं, गठ्ठ्यांच्या खोलीत लेबलांचं खोकं ऱ्हायलंय, बघ की जरा." सुताचं गठ्ठं ठेवायची ती खोली मागच्या बाजूला हाय, खिडकी न्हाय, वर एक झरोका. गंगम्मा बिचारी उठून गेली. ती आत वाकली तशी मी दार ओढलं, कोयंडा लावला आन माज्या डब्याच्या पेटीचं कुलूप त्याला घातलं. नुसता कोयंडा लावला असता तर कुनी बी उघडला असता.

"चिमा?" ती आतनं म्हनली.

"गप बस तासभर. तुज्या भल्याचं हाय. दिपालीची आन हाय तुला, आवाज करू नगं."

ती गप झाली. मी वळले तर ऋतुजा कोपऱ्यावर उभी. वही छातीशी धरलेली. तिनं काय बघितलं, किती बघितलं, मला कळलं न्हाय. मी तिच्याकडं असं बघितलं की ती मागं फिरली. झालं, म्हनलं, आता ही जाऊन मालकाच्या कानात सांगनार, नायतर त्या गोऱ्या बाईच्या. दोनी बाजूनं आमचंच मरान.

मॅडम आली. घडी खात्यात शिरून तिनं पैल्यांदा लाल नळकांडं उचललं आन उलटं करून चिठ्ठी वाचली. चिठ्ठीवर शेजारच्या कारखान्याचं नाव. तिनं फोटू काढला. पान्याचा मशीन बघितला, त्याची वायर कुटं जोडलीच न्हवती. फोटू काढला. मंग एकेक बाईला कोपऱ्यातल्या खोलीत बोलावलं, तिथं ती आन ऋतुजा, दुसरं कुनी न्हाय.

रत्नम्मा पैली गेली. भायर येऊन म्हनली, "सगळं म्हनलं मी, येक शब्द चुकले न्हाय." दुसरी तसंच. तिसरी तसंच. चौथी आत गेली आन लगीच भायर आली. मॅडम तिच्या मागं भायर आली आन ऋतुजाला काय तरी म्हनली. ऋतुजानं आमच्याकडं बघितलं, तोंड पडलेलं.

"त्या म्हणतायत," ती म्हनली, "चारही जणी तीच वाक्यं त्याच क्रमानं बोलल्या. हे कुणी शिकवलं?"

कोन बोलनार? धा बायका जमिनीकडं बघत उभ्या. आमच्यात मोठ्या मानसानं रागानं इचारलं की खाली बघायचं असतं, त्यो मान असतो. तिला त्यात चोरी दिसली. तिचं डोळं एकेकीच्या तोंडावरनं फिरत हुतं आन कुनाचं डोळं तिला सापडत न्हवतं. मला बी तिचा राग आला हुता. आमच्या दारात येऊन आमालाच चोर समजती. मी एकटीनं वर बघितलं, तिच्या डोळ्यात डोळं घालून. तर तिला माजाच जास्त संशय आला.

मंग ती एकटीच चालाया लागली. आमी मागं. माग चालू हुतं, खडाखड आवाज, त्यात कुनाला काय ऐकू येतंय, म्हनून मी निवांत. आन नेमकी तवाच लाईट गेली. सगळं माग एकदम थांबलं. कारखाना कदी शांत नसतो, तवा झाला.

आन गठ्ठ्यांच्या खोलीतनं खोकला आला.

मॅडम दारापुढं जाऊन उभी ऱ्हायली. कुलपाकडं बघितलं. आतनं परत खोकला. तिनं काय इचारलं ते ऋतुजानं सांगायची गरज न्हवती.

कुमार साहेब म्हनला, "जुनी भंगाराची खोली आहे. चावी हरवलीय. मागनं मांजर जातं आत."

ऋतुजानं ते तसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं असंल. मॅडम हलली न्हाय. आन खोकला थांबला. एकदम. मला बरं वाटलं, देवा सुटलो. आन मंग डोस्क्यात लख्ख झालं की गंगम्माचा खोकला असा थांबत न्हाय. तिला थांबवता येत असता तर तिनं दिवाळीलाच थांबवला असता.

मी कमरंची चावी काढली. कुमार साहेबानं माजा हात धरला, मी हिसडला. कुलूप काढलं आन दार ओढलं.

आत गंगम्मा गठ्ठ्यावर बसली हुती. पदराचा बोळा तोंडात कोंबलेला, दोनी हातांनी वरनं दाबलेला. डोळं भायर आलेलं, तोंड काळंनिळं. डोस्क्यावर, पापन्यांवर पांढरं तूस. सगळ्या कारखान्यातलं तूस जितं बसतं त्या खोलीत मी खोकल्याच्या बाईला कोंडली हुती. हे मला तवा कळलं. वरनं चुना मारून आतलं झाकनाऱ्या मालकाला मी काय नावं ठेवू.

मी बोळा ओढून काढला. ती मिनिटभर नुसती आ करून हवा वडत हुती. मॅडम गुडघ्यावर बसली, सवताची बाटली तिच्या हातात दिली. आन गंगम्मानं तसल्या धापंत बी बाटली वर धरून पानी वरनंच घेतलं, तोंड न लावता, दुसऱ्याची बाटली उष्टी करायची न्हाय म्हनून. निम्मं पानी गळ्यावर सांडलं.

मॅडमनं तिला इचारलं, कुनी कोंडलं.

"कुनी न्हाय," गंगम्मा म्हनली. माज्याकडं बघितलं बी न्हाय. "मीच बसले हुते. आत गार वाटतं."

मॅडमनं दाराच्या भायरच्या बाजूचं कुलूप हातात घेऊन तिला दाखवलं. गंगम्मा परत म्हनली, मीच बसले हुते.

पुढचं ऋतुजानं सांगितलं. कामगाराला कोंडून ठेवलं, आन तो भीतीनं खरं बोलत न्हाय, असं मॅडम लिहिनार. ते लिहिलं की टॉवेलची ऑर्डर बंद. ह्या एका कंपनीचीच न्हाय, ह्या मालकाचा टॉवेल परत कोनच घेनार न्हाय. मालक केबिनमदी खुर्चीत बसून दोनी हातांनी टेबल धरून बसलेला, मी काचेतनं बघितला. आन कुमार साहेब माज्या कानाशी आला.

"चिमाबाई, एक सांगा फक्त. गंगम्मा डोक्यानं जरा कमी आहे, तिला फिट येते, म्हणून तिच्याच काळजीपोटी दार लावतो. एवढं सांगितलं की सगळे वाचले. तुम्ही पण."

आन गंगम्मा? ती न्हाय वाचत. डोस्क्यानं कमी असलेल्या बाईला उद्या कोन कामावर ठेवनार? मी सरळ त्या कोपऱ्यातल्या खोलीत गेले आन मॅडमच्या पुढं बसले. कुलूप टेबलावर ठेवलं, चावी बाजूला.

"कुलूप मीच घातलं," मी म्हनलं. "साहेबानं न्हाय, मालकानं न्हाय. हिला खोकला हाय, तो तुज्या समोर आला असता तर हिचं काम गेलं असतं. काम गेलं तर नातीचं शिक्षन गेलं असतं. तूस छातीत बसून खोकला हुतो, ती कामातनंच आजारी हाय. उत्तरं बी मीच शिकवली. पान्याचा मशीन उसना हाय. आता काय लिहायचं ते लिही."

ऋतुजानं इंग्रजीत सांगितलं. दोन वाक्यं. मी एवढं बोलले आन हिची दोन वाक्यं.

माजं डोकं फिरलं. "एवढंच? माजं बाकीचं कुटं गेलं? तुला मालकानंच ठेवलंय ना गं? त्याच्या गाडीतनं आलीस तवाच मी वळखलं."

पोरीच्या डोळ्यात पानी आलं. "मला यांच्याच कंपनीनं नेमलंय, मावशी. त्या दिवशी एसटी स्टँडवर रिक्षा मिळेना, मालकांची गाडी समोर आली म्हणून बसले. ते नियमात बसत नाही, मला माहीत आहे, म्हणून मी बोलले नाही. आणि सकाळी तुम्ही कुलूप घालताना मी बघितलं. तेही मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं तुम्हीच सांगाल." तिनं नाक पुसलं. "मी सगळं सांगितलं. पण कोंडलं म्हटलं की त्यांना तुरुंगच दिसतो. काळजीनं कोंडलं हे मला त्यांच्या भाषेत बसवता येत नाही. मी एवढं शिकले, तरी येत नाही."

म्हंजे ती बी माज्यासारखीच. मी तिच्यावर डोळा ठेवत हुते, ती माजी वाट बघत हुती.

मंग मी मॅडमला बघायच्या कार्यक्रमाचं सांगितलं. उसन्या खुर्च्या, घोकलेली उत्तरं. आमच्याकडं दारात परका मानूस बघायला आला की आमी असंच करतो, पिढ्यानपिढ्या. आन मथुराचं सांगितलं. कोकरांची खोप, पत्र्याचं दार, कडी. हे मी आमच्या ह्यांना बी कदी सांगितलं न्हवतं, आन डेन्मार्कच्या बाईला सांगितलं. ऋतुजा ऐकत ऱ्हायली, मंग हळूहळू सांगाया लागली. ह्या वक्ताला लई येळ सांगितलं. मधी मधी थांबायची, शब्द शोधायची. मॅडमनं पेन खाली ठेवला हुता.

सगळं झाल्यावर मॅडमनं एकच गोष्ट इचारली. ऋतुजानं माज्याकडं न बघता सांगितलं.

"त्या विचारतायत, कोंडायच्या आधी तिला विचारलं होतं का?"

कुनाला, मी म्हननार हुते. गंगम्माला का मथुराला? पन दोनीचं उत्तर एकच हुतं. मी कुलपाकडं बघत बसले. त्या बाईच्या डोळ्यात बघायचं धाडस माज्यात उरलं न्हवतं.

ऑर्डर गेली न्हाय. मालकाला तीन महिनं दिलं. तूस वडून घ्यायचं पंखं, तोंडाला पट्ट्या, सगळ्या बायकांची छातीची तपासनी मालकाच्या खर्चानं, आन खोकल्यावरनं कुनाला काढायचं न्हाय हे कागदावर. मॅडम परत येऊन बघनार हाय. मला आजून वाटतं, त्यात बी तिचा काय तरी डाव असंल. पन गंगम्मा आता लेबलांच्या टेबलावर बसती, तितं तूस येत न्हाय. माजी मुकादमी गेली. रत्नम्मा झाली मुकादम, आन झाल्या झाल्या माज्याच घडीत खोट काढाया लागली.

गंगम्मा आठ दिवस माज्यासंगट जेवली न्हाय. नवव्या दिवशी डबा घेऊन शेजारी आली. भाकरी मोडली, शेंगाची चटनी माज्या भाकरीवर ठेवली.

"कुलपाचा राग न्हाय आला मला," ती म्हनली. "पन इचारलं असतंस तर त्या दिवशी मी रजाच टाकली असती की. दिपालीला घेऊन दवाखान्यात गेले असते."

रजा. एवढी साधी गोष्ट, माज्या डोस्क्यातच आली न्हाय. ती जेवली, डबा धुतला आन लेबलं लावाया गेली.

त्या सांजंला घरी जाताना मी कारखान्याच्या फाटकापाशी उभी ऱ्हाऊन मथुराला फोन लावला. ती भावाकडं असती, मेंढरं राखती, तिचं लगीन कदी झालंच न्हाय. इकडचं तिकडचं बोलले. पाऊस हाय का, न्हाय. कोकरं किती, बक्कळ. मंग मी म्हनलं, "मथे, मला बघायला आलं त्या दिवशी कडी मी घातली हुती."

"म्हाईत हाय की," ती म्हनली. "तुज्या बांगड्या वाजल्या हुत्या."

फोनमदी मेंढरं वरडत हुती.

"पत्र्याला भोक हुतं," मथुरा म्हनली. "त्यातनं म्या बघितलं पाव्हन्याला. समदी आत गेल्यावर त्यो एकटाच अंगनात उभा हुता. कोकरू पायात आलं तर त्यानं लाथाडलं न्हाय, उचलून बाजूला ठिवलं. मला मानूस चांगला वाटला. तू आत रडत हुतीस, कसा आसंल, कसा आसंल म्हनून. मला भायर घेतलं असतंस तर म्या सांगितलं असतं तुला, व्हय म्हन."